संत्र्यांची पिशवी आणि कोलकाता

निघण्याआधी

नवऱ्याने एक्सेलची शीट काढली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. चार दिवस, सत्तावीस ठिकाणं. प्रत्येकापुढे पोहोचायची वेळ, निघायची वेळ, मधल्या टॅक्सीची मिनिटं. जेवणाला अर्धा तास. पिवळे रकाने मुलांचे, भगवे सासूबाईंचे. माझा रंग कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तू सगळ्यांतच आहेस की."

आम्ही पाच जण. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. थोरला आठवीत, धाकटी पहिलीत. नाताळच्या सुट्टीत जायचं कुठे यावर महिनाभर खल चालला. गोव्याला तर अर्धं नागपूर जातं. थोरल्याने नदीखालून जाणाऱ्या मेट्रोचं नाव काढलं, सासूबाईंनी दक्षिणेश्वरच्या कालीमंदिराचं, आणि कोलकाता पक्कं झालं.

शीटमध्ये सगळं होतं, फक्त वार नव्हते. ते काम मी केलं. इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियल आणि जोडासांकोची ठाकुरबाडी, म्हणजे रवींद्रनाथांचं घर, सोमवारी बंद. अलीपूरचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद. कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची दुकानं रविवारी जवळपास सगळी बंद. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ, दोन्हीकडे दुपारी दारं लागतात. एवढं एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. पुढे शीट कुठल्या कुठे गेली, कामाला आला तो हा कागद.

राहायचं कुठे, हा दुसरा वाद. मराठी प्रवाशांना हाजरा रोडचं महाराष्ट्र निवास ठाऊक असतं, पण आम्हाला मेट्रोच्या दोन्ही मार्गांना जवळ असं ठिकाण हवं होतं. म्हणून एस्प्लनेड आणि न्यू मार्केटच्या मधलं एक हॉटेल घेतलं. 'लिफ्ट आहे ना?' हे नवऱ्याने फोनवर तीनदा विचारून घेतलं. आहे, म्हणाले.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी संत्र्यांची भलीमोठी पिशवी पुढे केली. आंबिया बहाराची शेवटची, सालीला सैल झालेली, गोड संत्री. सहा-सात किलो तरी असतील.

"आई, तिथे आपल्या ओळखीचं कोणीच नाही."

"मंग काय झालं? होईल ना. परक्या गावाला रिकाम्या हाताने जातात का कोणी?"

गुरुवार, रात्र

नागपूरहून संध्याकाळची गीतांजली. ही गाडी डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झाली तेव्हा तिला पहिला वर्ग, दुसरा वर्ग असा भेदच नव्हता. तेव्हाचे रेल्वेमंत्री मधु दंडवते यांची ती कल्पना. आता एसीचे डबे लागतात आणि आम्हीही त्यातच बसलो होतो, त्यामुळे यावर जास्त बोलणं शोभत नाही.

गोंदियाच्या आत डबे उघडले. दशम्या, लसणाची चटणी, वांग्याची भाजी. समोरच्या बर्थवर टाटानगरला उतरणारं एक जोडपं होतं. त्यांना चार संत्री गेली. पिशवीचा वजनभार हलका होतोय म्हणून मी काही बोलले नाही.

शुक्रवार

खरगपूरनंतर झालमुडीवाला डब्यात शिरला. आपल्या भेळेला चिंचेचं पाणी लागतं, याच्या मुडीला कच्चं मोहरीचं तेल. नाकात झणका गेला आणि धाकटी म्हणाली, "लोणच्याचा चिवडा!" याहून चांगलं वर्णन मला सुचलेलं नाही.

हावड्याला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. इथे नवख्या माणसाची पहिली चूक होते. गर्दीला घाबरून तो जो टॅक्सीवाला आधी भेटेल त्याच्या मागे जातो. स्टेशनाच्या आवारातूनच मेट्रोत उतरता येतं. मार्च २०२४ पासून ही गाडी हुगळीच्या तळाखालून जाते, आणि स्टेशन तीस मीटरहून खोल आहे. सरकते जिने संपता संपत नाहीत. सासूबाईंनी माझा दंड असा धरला होता, जणू आम्ही विहिरीतच उतरत होतो.

नदीखालचा बोगदा ५२० मीटरचा. थोरल्याने घड्याळ लावलं. बाहेर निळे दिवे सरकू लागले की समजायचं, डोक्यावर पाणी आहे. पाऊण मिनिटात नदी संपली. "एवढंच?" धाकटी. थोरला मात्र एस्प्लनेडला उतरेपर्यंत काचेला नाक लावून होता. देशातली पहिली मेट्रो याच शहरात १९८४ साली धावली, तेव्हा मी त्याच्या धाकट्या बहिणीएवढी होते आणि दूरदर्शनवर ती बातमी पाहिल्याचं मला आठवतं, हे मी त्याला सांगितलं. त्याला त्यात रस नव्हता.

हॉटेलात लिफ्ट होती. फक्त ती पहिल्या मजल्यापासून सुरू होत होती. तिथवर सतरा पायऱ्या, आणि त्याही उंच, जुन्या काळच्या. नवऱ्याने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने लिफ्टकडे पाहिलं. तुम्ही म्हातारं माणूस घेऊन कुठे जाणार असाल, तर 'लिफ्ट आहे का' असं विचारू नका. 'रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती' असं विचारा.

सामान वर चढवणाऱ्या पोराला दोन संत्री.

शनिवार

हा दिवस शीटप्रमाणे काढला. म्हणजे नासवला.

दहाला इंडियन म्युझियम. १८१४ साली सुरू झालेलं, इथले लोक त्याला जादूघर म्हणतात आणि ते नाव जास्त बरोबर आहे. भारहुतच्या स्तूपाचे लाल दगडी कठडे एका दालनात पुन्हा उभे केले आहेत. जातकातल्या गोष्टी, हत्ती, माकडं, हात जोडून उभ्या यक्षिणी, सगळं दोन हजार वर्षांहून जुनं. मी तिथे तासभर उभी राहू शकले असते. शीटमध्ये अख्ख्या म्युझियमला सव्वा तास होता, आणि त्यातला अर्धा इजिप्तच्या ममीपुढच्या गर्दीत गेला. ममी पाहून धाकटीने विचारलं, "हिला घरी का नाही सोडत?" उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता, साडेअकराला निघायचं होतं.

व्हिक्टोरिया मेमोरियल बांधायला १९०६ ते १९२१ एवढी वर्षं लागली. मकराण्याचा संगमरवर, वर घुमटावर काळी परी. उन्हात सुरेख दिसतं. पण डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी निम्मं बंगाल तिथे असतं हे शीटला माहीत नव्हतं. तिकिटाच्या रांगेत चाळीस मिनिटं, आत शिरायच्या रांगेत आणखी. सासूबाई काही न बोलता हिरवळीच्या कडेच्या कठड्यावर बसल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पाहून या. मी राणीला इथूनच पायते."

तिथेच थांबायला हवं होतं. आम्ही नाही थांबलो. तारांगण झालं, न्यू मार्केट झालं. तिथे एका गाड्यावर 'नागपूरका कमला' म्हणून ओरडत लिंबाएवढी संत्री विकत होते. सासूबाईंनी एक उचलून वासही घेतला नाही, नुसतं पाहिलं आणि परत ठेवलं. त्या दिवसातला त्यांचा तेवढाच आनंदाचा क्षण असावा.

आणि मग रात्री पार्क स्ट्रीट. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात हा रस्ता दिव्यांनी मढवतात आणि सगळं शहर तो पाहायला पायी येतं. दिवे खरोखर पाहण्यासारखे आहेत. पण तुमच्या हातात सहा वर्षांची मुलगी आणि दंडाला सासू असेल, तर दिव्यांकडे मान वर करून पाहायला मिळत नाही. गर्दी ढकलत नाही, वाहते. त्या वाहण्यात थोरला दिसेनासा झाला.

फोन लागेना. एवढ्या लोकांत नेटवर्क कुठलं. नवरा पुढे गेला, मी मागे. धाकटी रडायला लागली, सासूबाई गणपती स्तोत्र पुटपुटायला लागल्या. बारा मिनिटं. मी मोजली आहेत. मेट्रोच्या दाराशी तो एग रोल खात उभा सापडला.

"तुम्ही हरवला होतात," तो म्हणाला. "मी तर इथेच होतो."

सकाळी याच दारातून बाहेर आलो होतो म्हणून तो इथे येऊन थांबला, एवढं शहाणपण आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून कुठेही गेलो की आधी 'चुकलो तर इथे' ठरवायचं, आणि धाकटीच्या मनगटावर बॉलपेनने फोन नंबर लिहायचा. हातात कागद दिला तर ती तो हरवते. हात हरवत नाही.

रात्री खोलीवर नवरा लॅपटॉप उघडून बसला. मी म्हटलं, "मिट तो." सासूबाई गुडघ्याला तेल चोळत भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "काहून एवढी घाई, बाप्पा? गाव कुठे पळून चाललंय का?" त्याने लॅपटॉप मिटला. मग दहा मिनिटांत ठरलं: सकाळी एक गोष्ट, संध्याकाळी एक, दुपारी झोप. आणि सगळ्यांनी सगळीकडे जायचं नाही.

रविवार

रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, हे आमच्या पथ्यावरच पडलं. आरामात आवरून गल्लीच्या तोंडाशी कचोरी आणि बटाट्याची रस्सेदार भाजी खाल्ली. इथे शाकाहाराला निरामिष म्हणतात. हा शब्द एकदा पाठ केला की सासूबाईंसारख्यांचं सगळं सोपं होतं: लुची, नारळाचे तुकडे घातलेली चण्याची डाळ, वांग्याचे काप, आणि आलू पोस्तो, म्हणजे खसखशीच्या वाटणातला बटाटा. आपण जी खसखस अनारशाला चिमटीने लावतो, ती हे लोक वाटीवाटीने भाजीत घालतात. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी नकोसा होतो, तिसऱ्या दिवशी भूक लावतो.

दक्षिणेश्वरला मेट्रो थेट जाते. स्टेशनापासून देवळापर्यंत उंचावरून पादचारी पूल आहे, त्यामुळे म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडावा लागत नाही. हे मंदिर १८५५ मध्ये राणी रासमणींनी उभारलं, नऊ शिखरांचं. राणी जातीने कैवर्त, म्हणून देवळाला पुजारी मिळायची मारामार होती. तिथे रामकृष्णांचे थोरले बंधू आले आणि त्यांच्या मागून रामकृष्ण. सासूबाईंना हे सगळं माझ्याहून जास्त माहीत होतं. रामकृष्णांच्या खोलीत त्या बसल्या आणि उठायचं नाव घेईनात. शीट असती तर मी त्यांना उठवलं असतं.

तिथून बेलूरला नाव जाते. बाकावर दाटीने बसायचं, हुगळीचं मातकट पाणी हाताला लागेल एवढं जवळ. या नावेत संत्र्यांची दुसरी मोठी वाटणी झाली. एक फोड समोरच्या लेकुरवाळीच्या बाळाला, मग तिला, मग तिच्या सासूला. कुणालाच कुणाची भाषा येत नव्हती. दोन्ही सासवा आपापल्या गुडघ्यांवर हात ठेवून काहीतरी बोलत होत्या आणि दोघींना सगळं कळत होतं.

बेलूरला आम्ही दार बंद व्हायच्या थोडं आधी पोहोचलो, मी दाखवलेल्या कागदामुळे. एक सांगून ठेवते: एक जानेवारीला या भागात फिरकू नका. त्या दिवशी कल्पतरू उत्सव असतो आणि गर्दीला अंत नसतो.

दुपारी सगळे झोपलो. कोलकात्यात जाऊन दुपारी तीन तास झोपलो, याची मला आता अजिबात लाज वाटत नाही. अर्धं शहरही तेच करत असतं.

सोमवार

म्युझियमं बंद. नवरा धाकटीला घेऊन ट्राम शोधायला आणि मग सायन्स सिटीला गेला, ती सोमवारी उघडी असते. ट्राम त्यांना एस्प्लनेडला मिळाली. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढलेली, १९०२ पासून विजेवर आलेली ही गाडी आता बोटांवर मोजण्याएवढ्या मार्गांवर उरली आहे. धाकटीचा अहवाल: "सायकल पुढे गेली. आम्ही हसलो."

सासूबाई, थोरला आणि मी उत्तरेला बागबाजारला. बसमधून उतरताना कंडक्टरने बसच्या पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला हाक दिली, "आस्ते, लेडीज!" सासूबाईंचा दुसरा पाय जमिनीला टेकेपर्यंत बस हलली नाही. "आपल्याकडे असं कोणी म्हणत नाही," त्या म्हणाल्या आणि दिवसभर प्रत्येक पायरीला स्वतःच "आस्ते लेडीज" म्हणत राहिल्या.

बागबाजारला रामकृष्णांच्या पत्नी शारदामातेचं घर आहे, नबीनचंद्र दासांच्या रोशोगोल्ल्याचा हाच भाग. पण मी आले होते एका गल्लीसाठी. तिचं नाव मराठा डिच लेन.

नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या बाईला हे नाव टोचायलाच हवं. १७४२ साली आमच्या नागपूरकर रघूजी भोसल्यांचं घोडदळ भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरलं. त्या धास्तीने कोलकात्यातल्या लोकांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा कधी झालाच नाही आणि मराठे कोलकात्यावर कधी आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आपण आज ज्या आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवर टॅक्सीत अडकून बसतो, त्याच्या पोटात नागपूरची भीती पुरलेली आहे. नाव उरलंय ते या बोळाला.

शहर वाचलं, पण खेडी वाचली नाहीत. दहा वर्षं लूट, जाळपोळ, पळापळ चालली. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. तो शब्द बंगालीत 'बर्गी' झाला आणि थेट अंगाईत जाऊन बसला: पोर झोपलं, गल्ली शांत झाली, बर्गी आले, धान पाखरांनी खाल्लं, आता सारा कुठून भरायचा. १७५१ च्या तहात नबाब अलिवर्दी खानाने वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली तेव्हा हे थांबलं. शाळेत आम्ही हे एका ओळीत शिकलो होतो, 'मराठ्यांनी बंगालपर्यंत मजल मारली'. अंगाई त्या पुस्तकात नव्हती.

मी हे सांगत असताना थोरला गल्लीची पाटी वाचत होता. "म्हणजे आपण व्हिलन होतो?"

"इथल्यांसाठी, हो."

"आणि कोणी आपल्याला विचारलं कुठून आलात, तर?"

विचारलंच. जुन्या घरांना रस्त्याकडे बसायचा ओटा असतो, त्याला इथे रोक म्हणतात. तिथे शाल पांघरून, माकडटोपी घालून एक आजोबा पेपर वाचत बसले होते. पाटीचा फोटो काढणारी मंडळी पाहून त्यांनी हिंदीत चौकशी केली. थोरल्याने माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे.

"नागपूर," सासूबाई ठणठणीतपणे म्हणाल्या.

आजोबांनी पेपर खाली ठेवला. "नागपूर? बर्गी!" आणि घरात पाहून मोठ्याने हाक मारली, की तीन चहा पाठवा, बर्गी आले आहेत.

चहा आला, मातीच्या भांड्यात. सासूबाईंनी पिशवीत हात घातला. सहा संत्री उरली होती. त्यांनी सगळी ओट्यावर मांडली. आजोबांनी एक सोललं, फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौथाई परत करायला उशीर केलात. व्याज?" सासूबाईंना हिंदी बेताचं येतं, पण 'व्याज' कळलं. "पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या.

परतताना कॉलेज स्ट्रीट केलं. फूटपाथवर पुस्तकांच्या भिंती, आणि वर कॉफी हाऊसमध्ये कलकलाट. कॉफी सामान्य आहे. तिथे कोणी कॉफीसाठी जात नाही.

मंगळवार

गाडी दुपारची, म्हणून सकाळी लवकर पुलाखालचा फुलबाजार. मल्लिक घाटावर झेंडूच्या माळांचे डोंगर, डोक्यावरून हारे नेणारे मजूर, आणि पायाखाली चिखल. म्हाताऱ्या माणसांना इथे आणू नका. सासूबाई हॉटेलातच सामान बांधत होत्या.

वर हावडा ब्रिज. १९४३ मध्ये उघडलेला, साडेसव्वीस हजार टन पोलाद, आणि एकही नटबोल्ट नाही, सगळं रिव्हेटवर. एवढा पूल दुसऱ्या महायुद्धाला पुरून उरला. पण पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी त्याच्या लोखंडाचे पायथे झिजायला लागले म्हणून त्यांना फायबरग्लासची आवरणं घालावी लागली. खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, गावाहून आलेल्या माणसांनी यावर काय बोलावं? नवरा म्हणाला, "चला, उशीर होतोय."

स्टेशनात जायला पाचही जण फेरीबोटीने नदी ओलांडून गेलो. तिकीट चहाच्या किमतीत, आणि पूल पाहायची खरी जागा ती, पुलावरून नव्हे.

संत्र्यांच्या पिशवीत आता नोलेन गूळ होता. खजुराच्या झाडाचा रस थंडीत काढून आटवतात, त्याची ढेप. त्याच गुळाचे संदेशही घेतले होते, पण ते खरगपूरलाच संपले. गुळाचा धुरकट वास आणि पिशवीच्या शिवणीत बसलेला संत्र्याचा वास मिळून डबाभर पसरला. वरच्या बर्थवरचे भंडाऱ्याचे एक गृहस्थ वास घेत खाली वाकले.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या आणि ढेपेचा कोपरा तोडला. "कोलकात्याचा आहे."

पहाटे गोंदिया गेलं तेव्हा अर्धी ढेप उरली होती.